हिमाने झाकलेल्या धावपट्टीवर विमान आपटले की टेकवले?

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांनी मला एक प्रश्न विचारला आहे. निर्यातीच्या कामासाठी ते फेब्रुवारीत अॅमस्टरडॅमला गेले होते आणि उतरण्याच्या वेळी तिथे हिमवर्षाव चालू होता. विमान जमिनीच्या अगदी जवळ आलेले असताना इंजिने एकाएकी गरजली आणि विमान पुन्हा वर गेले. वीस-पंचवीस मिनिटांनी ते दुसऱ्यांदा खाली आले, तेव्हा चाके इतक्या जोरात टेकली की डोक्यावरच्या दोन कप्प्यांची झाकणे उघडली आणि इंजिनांचा आवाज आणखी वाढला. त्यानंतर विमान सायकलच्या गतीने बराच वेळ चालत राहिले, आणि पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप, जे एरवी लगेच आत घेतले जातात, ते शेवटपर्यंत खालीच होते. "पायलट नवखा होता का? आणि अशा घसरड्या पट्टीवर एवढे मोठे विमान थांबवतात तरी कसे?" असे त्यांनी विचारले आहे.

मी तीस वर्षे प्रवासी विमाने चालवली, त्यांपैकी बरीच वर्षे एअरबस ३२० जातीची. आता नाशिकला गंगापूर रोडला राहतो आणि वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकवतो. आपण जे वर्णन केले आहे त्यावरून माझे स्पष्ट मत असे आहे की त्या वैमानिकाने चारही गोष्टी बरोबर केल्या. आपल्याला जे भीतिदायक वाटले, म्हणजे परत वर जाणे, जोरात टेकणे, इंजिनांचा आवाज आणि फ्लॅप खाली ठेवून सावकाश चालणे, तेच त्या दिवशी आपल्या सुरक्षिततेसाठी आवश्यक होते.

सुरुवात अंतराच्या हिशोबाने करतो, कारण घसरड्या पट्टीवरचे लँडिंग हवेत असतानाच, कागदावर किंवा कॉकपिटमधल्या टॅबलेटवर, अर्ध्याहून अधिक झालेले असते. समजा, विमान ताशी २५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० मीटर या वेगाने पट्टीच्या टोकावरून आत येत आहे. टोक ओलांडल्यापासून चाके टेकेपर्यंत सुमारे ७ सेकंद जातात असे हिशोबात धरण्याची पद्धत आहे. तेवढ्यात जवळजवळ ५०० मीटर पट्टी मागे पडते. चाके टेकल्यावर कोरड्या पट्टीवर जोरदार ब्रेक लावून सेकंदागणिक ३ मीटर प्रति सेकंद या दराने वेग उतरत असेल, तर थांबायला आणखी ८०० मीटर लागतात. हिमावर हा दर निम्म्यावर आला, तर तेच अंतर १,६०० मीटर होते. म्हणजे कोरड्यात १,३०० मीटरमध्ये संपणारे काम हिमात २,१०० मीटरवर जाते, आणि त्यावर उतरण्यापूर्वीच्या हिशोबात १५ टक्के राखीव धरायचे, म्हणून ते २,४०० मीटरच्या पुढे जाते. आपल्या ओझर विमानतळाची धावपट्टी ३,००० मीटर लांबीची आहे. तिथे हे बसेल. पण पट्टी २,५०० मीटरची असेल, तर हातात शंभर मीटरही उरत नाहीत, आणि विमान टेकण्याआधी दीड सेकंद जास्त तरंगत राहिले तर ते शंभर मीटरही गेले. हे आकडे समजावण्यासाठी सोपे करून घेतलेले आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक विमानाचे वजन, वारा, तापमान, पट्टीचा उतार आणि फ्लॅपची स्थिती घालून नेमका आकडा काढतात. निसरडे बर्फ असेल तर वेग उतरण्याचा दर मी धरलेल्या निम्म्याहूनही खाली जातो.

आता पट्टीवर नेमके काय पसरले आहे हा प्रश्न येतो. आपण मराठीत आभाळातून पडणाऱ्या कापसासारख्या वस्तूला बर्फ म्हणतो आणि गोळेवाल्याच्या लादीलाही बर्फच म्हणतो, पण वैमानिकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि त्यांच्या मधल्या अवस्था त्याहून वेगळ्या आहेत. कोरडे हिम, ओले हिम, चाकांखाली दाबून घट्ट झालेले हिम, पाण्यात भिजून राडा झालेले हिम ज्याला आम्ही स्लश म्हणतो, स्वच्छ बर्फ, आणि बर्फावर पाण्याचा थर, असे ते प्रकार आहेत. ४ नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यांची नोंद करण्याची एकच पद्धत जगभर लागू केली. तिच्यात कोरड्या पट्टीला ६ हा अंक मिळतो आणि ओल्या पट्टीला ५. उणे १५ अंश किंवा त्याहून कमी तापमानात दाबलेल्या हिमाला ४ मिळतात. तेच दाबलेले हिम त्याहून उबदार असेल तर ३. तीन मिलिमीटरपेक्षा जाड कोरड्या किंवा ओल्या हिमालाही ३ आहेत, तेवढ्याच जाडीच्या स्लशला किंवा साचलेल्या पाण्याला २, बर्फाला १, आणि ओल्या बर्फाला ०. शून्य अंक आला की तिथे उतरायचे नाही. धावपट्टीचे तीन सारखे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा अंक देतात, म्हणून वैमानिकाला "५, ३, ३" असा निरोप मिळतो.

या यादीतली एक गोष्ट वाचकांना उलटी वाटेल, म्हणून तिथे थोडे थांबतो. थंडी जितकी कडक तितकी पट्टी घसरडी असावी असे आपल्याला वाटते. खरे पाहता कडक थंडीतले हिम कोरडे आणि खरखरीत राहते व त्यावर टायरला पकड मिळते. सर्वांत वाईट अवस्था शून्याच्या आसपास असते, कारण तिथे हिम वितळू लागते आणि टायरच्या दाबाखाली पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. कसारा घाटात आषाढातल्या धो-धो पावसापेक्षा मृगाच्या पहिल्या सरीत गाड्या जास्त घसरतात, कारण धूळ, तेल आणि थोडेसे पाणी यांचा लेप रस्त्यावर बसतो. तसाच काहीसा हा प्रकार आहे. निफाड-पिंपळगावच्या माणसाला पारा दोन अंशांवर आहे की शून्यावर, याने काय फरक पडतो हे मी सांगायला नको. घडांवर दव गोठू नये म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून आपण तोच पारा पाहत जागता. उतरण्यापूर्वी वैमानिकही त्याच आकड्याकडे पाहत असतो आणि तो शून्याला चिकटून असेल तर अधिक सावध होतो.

अंक मिळाला म्हणजे काम झाले असेही नाही. तो अंक कोणीतरी गाडीतून पट्टीवर फिरून, थराची जाडी मोजून दिलेला असतो, आणि तो मोजल्यानंतर हिम पडतच असते. म्हणून निरोपाची वेळ किती जुनी आहे हे आधी पाहायचे. आपल्या आधी उतरलेल्या विमानाच्या वैमानिकाने ब्रेकची पकड "गुड", "मीडियम" की "पुअर" सांगितली, हे ऐकायचे, पण तेही तारतम्याने. जड विमानाचा अनुभव हलक्या विमानाला लागू होत नाही, आणि पूर्ण रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा झोत उलटा पुढे फेकण्याची सोय, वापरून थांबलेल्या वैमानिकाला ब्रेकची खरी परीक्षा घ्यावीच लागलेली नसते, त्यामुळे तो प्रामाणिकपणे चांगला निरोप देतो आणि तो पुढच्या माणसाला फसवू शकतो. माझा नियम साधा होता: दोन निरोप वेगळे असतील तर वाईट निरोप खरा मानून हिशोब करायचा.

श्रीनगरला जानेवारीत एकदा आम्ही पट्टी साफ होण्याची वाट पाहत आकाशात घिरट्या घालत होतो. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,४०० फूट उंचीवर आहे; तिथली हवा विरळ असल्यामुळे वेगदर्शक १३० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) दाखवत असताना विमान जमिनीच्या संदर्भात जवळपास १४० नॉटने येते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ब्रेकवर सुमारे १५ टक्के जास्त काम पडते. हा फरक हिशोबात धरून आमचे उत्तर जेमतेम बसत होते. हिम बाजूला सारणाऱ्या नांगरांच्या गाड्या पट्टीवरून बाजूला झाल्या तेव्हा पहिला निरोप चांगला आला. दहा मिनिटांत नव्याने हिम पडले आणि शेवटच्या भागाचा अंक एकाने खाली गेला. पर्यायी विमानतळ गाठण्यासाठी लागणारे इंधन आणि त्यानंतरचे अर्ध्या तासाचे राखीव इंधन यांना हात न लावता आम्ही आणखी थांबू शकत नव्हतो. आम्ही दिल्लीला परतलो. विमानात लग्नाला निघालेली मंडळी होती, त्यांना फार वाईट वाटले, आणि त्यांचे ते दुःख मला आजही आठवते. तरीही तो निर्णय आज पुन्हा घ्यावा लागला तर मी तोच घेईन.

हिशोब बसला की मग विमान त्या हिशोबाप्रमाणे आणून टेकवायचे असते. पट्टीच्या टोकावर विमान ५० फूट उंचीवर आणि ठरलेल्या वेगात असेल असे हिशोबात गृहीत असते. तीन अंशांच्या उतारावर दहा फूट जास्त उंच आलात तर सुमारे ६० मीटर पट्टी गेली. वेग दहा टक्के जास्त असेल तर ऊर्जा २१ टक्के जास्त. पाठीमागून येणारा वारा सर्वांत महाग पडतो, कारण तो जमिनीच्या संदर्भातला वेग वाढवतो आणि वेगदर्शकावर दिसत नाही. कोरड्या पट्टीवर बहुतेक विमानांना १० किंवा १५ नॉटपर्यंत पाठवारा चालतो. घसरड्या पट्टीवर मी शक्य तिथे तो शून्यावर आणायचा प्रयत्न करत असे, म्हणजे वाऱ्याच्या समोरची पट्टी मागत असे, मग त्यासाठी दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील. आडव्या वाऱ्याची मर्यादाही पकडीप्रमाणे खाली येते. ज्या विमानाला कोरड्यात ३८ नॉट आडवा वारा चालतो, त्याला अंक १ असेल तर १५ नॉटच्या आसपास थांबावे लागते, कारण विमानाला वाऱ्याविरुद्ध सरळ धरून ठेवणारी चाकांची पकडच उरलेली नसते.

थंडीत आणखी एक सापळा असतो. उंचीदर्शक हा हवेच्या दाबावर चालतो, आणि थंड हवा आकसून घट्ट बसते. त्यामुळे उणे २० अंशांना विमानतळापासून १,००० फूट उंची दिसत असताना विमान प्रत्यक्षात सुमारे १४० फूट खाली असते. यासाठी तक्त्यातून दुरुस्ती काढून ती किमान उंचीत मिळवावी लागते. रात्री लँडिंग लाइट लावले की समोरून येणारे हिमकण उजळतात आणि सगळे दृश्य आपल्यावर धावून येते असे वाटते. पट्टीवरून वाऱ्याने आडवे सरकणारे हिम पाहिले की विमानच बाजूला सरकत आहे असा भास होतो. अशा वेळी नजर दूर, पट्टीच्या पलीकडच्या टोकाच्या दिव्यांवर ठेवायची आणि सहवैमानिकाने उंची व वेग मोठ्याने वाचत राहायचे.

आता आपण अनुभवलेल्या पहिल्या प्रसंगाकडे, परत वर जाण्याकडे येतो. याला गो-अराउंड म्हणतात, आणि प्रवाशांच्या मनात ते अपघात थोडक्यात टळल्याचे चिन्ह असते. वैमानिकाच्या शिक्षणात ते नेहमीच्या कामापैकी एक आहे. ढगांतून उतरताना १,००० फुटांपर्यंत वेग, उतार, दिशा, फ्लॅप आणि चाके हे सर्व ठरल्याप्रमाणे स्थिर झालेले नसेल तर परत वर जायचे हा जवळजवळ सर्व विमान कंपन्यांचा नियम आहे. त्याहून खाली आल्यावरही पुढचे विमान पट्टीवरून बाहेर पडायला उशीर लागला, वारा फिरला किंवा पकडीचा नवा निरोप आला, तर वर जाणेच योग्य. आपल्या विमानाच्या बाबतीत नेमके कारण काय होते हे आपल्या वर्णनावरून कळत नाही, पण ही सर्व कारणे सारखीच वाजवी आहेत. एक मर्यादा मात्र पक्की आहे: चाके टेकून रिव्हर्स थ्रस्ट एकदा ओढला की नंतर वर जाण्याचा विचार करायचा नाही, तिथून थांबणे हा एकच मार्ग उरतो. म्हणून शंका असेल तर ती त्याआधीच निकालात काढायची असते.

जोरात टेकण्याविषयी मला मनापासून लिहायचे आहे, कारण अलगद टेकले की प्रवासी टाळ्या वाजवतात आणि जोरात टेकले की पायलटला नावे ठेवतात, आणि तरुण वैमानिकांच्या मनावर या टाळ्यांचा परिणाम होतो. तो माझ्यावरही झाला होता. सहवैमानिक असताना मुंबईच्या पावसात मी विमान अलगद उतरवण्याच्या नादात नाक जरा जास्त वर धरले. विमान पट्टीवर दोन-अडीच फुटांवर तरंगत राहिले आणि पांढऱ्या खुणा एकामागून एक मागे पडू लागल्या. शेजारच्या कॅप्टनसाहेबांनी "माय कंट्रोल" म्हणून विमान हातात घेतले आणि सरळ वर नेले. खाली उतरल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, "तू विमान कोणासाठी उतरवत होतास?" ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडेच्या ८,८५८ फुटांच्या ओल्या पट्टीवर पाठवारा असताना एका विमानाची चाके ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी संपल्यावर टेकली, विमान पलीकडच्या उतारावरून खाली गेले आणि २१ माणसे गेली. तिथे हिम नव्हते, पाऊस होता, पण पट्टी मागे टाकण्याची किंमत दोन्हीकडे एकच आहे.

जोरात टेकण्यामागे भौतिकशास्त्राचे कारण आहे. पट्टीवर पाणी किंवा स्लशचा थर असेल तर ठरावीक वेगाच्या वर टायर त्या थरावर चढून तरंगतो, जमिनीला लागतच नाही. नासाच्या संशोधकांनी साठच्या दशकात यासाठी जे सूत्र मांडले त्यात हा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाला ९ ने गुणून नॉटमध्ये मिळतो. दर चौरस इंचाला २०० पौंड दाब असलेल्या टायरसाठी तो सुमारे १२७ नॉट येतो. टेकण्याच्या क्षणी चाक फिरतच नसते आणि अशा न फिरणाऱ्या चाकासाठी तोच आकडा सुमारे १०९ नॉटपर्यंत खाली येतो. विमान टेकते १३० ते १४० नॉटला. म्हणजे टेकतेवेळी टायर तरंगण्याच्या पट्ट्यातच असतो. त्याला थर फोडून खालच्या डांबरापर्यंत पोहोचायचे असेल, चाकाला झटकन फिरायला लावायचे असेल, तर ठामपणे टेकावेच लागते. चाक फिरू लागले की दुसरी साखळी सुरू होते: त्या फिरण्यावरून आणि चाकांच्या खांबांवर आलेल्या भारावरून विमानाच्या यंत्रणेला आपण जमिनीवर आहोत हे कळते, आणि मगच पंखांवरचे स्पॉयलर आपोआप उभे राहतात. अलगद टेकलेल्या विमानात ही साखळी उशिरा सुरू होऊ शकते.

स्पॉयलर म्हणजे पंखाच्या वरच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या त्या पाट्या. खिडकीतून पाहणाऱ्याला त्या वाऱ्याला अडवणाऱ्या वाटतात. ते काम त्या करतात, पण त्यांचे मुख्य काम पंखाची उचल मारणे हे आहे. टेकल्यावरही पंख विमानाचे बरेच वजन उचलून धरत असतो, आणि चाकावर वजन नसेल तर ब्रेक कशाला धरणार? ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना आपण लोखंडी वजने बांधतो किंवा टायरमध्ये पाणी भरतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. ब्रेकचे पेडल दाबण्याआधी विमान चाकांवर बसवायचे असते. म्हणून टेकताच सहवैमानिकाने स्पॉयलर उघडल्याची खात्री करून तसे मोठ्याने सांगायचे, रिव्हर्स उघडल्याचे सांगायचे, आणि वेग उतरत असल्याचे सांगायचे, अशी तीन वाक्ये ठरलेली असतात. ती नुसती औपचारिकता नाही, हे पुढच्या उदाहरणावरून कळेल.

८ डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी शिकागोच्या मिडवे विमानतळावर हिम पडत असताना एक बोईंग ७३७-७०० उतरले. पकडीचे निरोप मिश्र होते आणि वारा पाठीमागचा होता. कॉकपिटमधल्या संगणकाने "पुअर" पकड धरून सांगितले की थांबल्यावर ४० फूट पट्टी उरेल. त्या आकड्यात रिव्हर्स थ्रस्ट वापरला जाईल असे आधीच गृहीत धरलेले होते, हे वैमानिकांना ठाऊक नव्हते. ऑटोब्रेक, म्हणजे टेकल्यावर आपोआप लागणारा ब्रेक, ते प्रत्यक्ष उड्डाणात प्रथमच वापरत होते, त्यात त्यांचे लक्ष गेले, आणि रिव्हर्स टेकल्यानंतर सुमारे १५ सेकंदांनी उघडला. विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेले आणि एका मोटारीवर आदळले. त्या मोटारीतले सहा वर्षांचे मूल गेले. विमानातले सर्व वाचले. अमेरिकेच्या चौकशीत रिव्हर्सचा वेळेवर वापर न होणे हे मुख्य कारण ठरले, आणि आज आपण जी अंकांची पद्धत व १५ टक्क्यांची राखीव पाहतो, तिची मुळे बऱ्याच अंशी या अपघातानंतरच्या कामात आहेत. मी शिकवताना हा अपघात नेहमी घेतो, आणि त्या मुलाचे वय सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

आपण ऐकलेला तो मोठा आवाज रिव्हर्सचाच होता. इंजिनातून मागे जाणारा हवेचा झोत वळवून पुढच्या दिशेने फेकतात. तो चाकांच्या पकडीवर अवलंबून नसतो, आणि वेग जितका जास्त तितका तो अधिक परिणामकारक असतो, म्हणून हिमात तो टेकताक्षणी आणि पूर्ण ओढायचा. मात्र याही गोष्टीचा अतिरेक घातक ठरतो. ५ मार्च २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर हिमात उतरलेल्या एका एमडी-८८ विमानात, ज्याची इंजिने शेपटीजवळ असतात, रिव्हर्सचा जोर मर्यादेपेक्षा जास्त गेला. त्या झोताने शेपटीच्या उभ्या सुकाणूवरची हवा हिरावली गेली, विमान डावीकडे वळून बांधावर चढले आणि त्याचे नाक खाडीच्या पाण्यावर जाऊन थांबले. जीवितहानी झाली नाही. पंखांखाली इंजिने असलेल्या विमानातही आडव्या वाऱ्यात असाच प्रश्न येतो: वारा शेपटीला ढकलतो, नाक वाऱ्याकडे वळते, आणि तिरप्या झालेल्या विमानाचा रिव्हर्स त्याला पट्टीच्या कडेकडे ओढू लागतो. तेव्हा मनाविरुद्ध वाटेल असे काम करावे लागते. रिव्हर्स कमी करायचा, ब्रेक सोडायचे, टायरला फिरू देऊन त्याची बाजूची पकड परत मिळवायची, सुकाणूने विमान मध्यरेषेवर आणायचे आणि मग पुन्हा दोन्ही लावायचे. समोर पट्टी संपत असताना ब्रेक सोडायला मन धजत नाही, म्हणून हे सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करून घेतात.

ब्रेकच्या बाबतीत मोटारीची सवय विसरावी लागते. पेडल पंप करायचे नाही. एकसारखे दाबून ठेवायचे, कारण अँटी-स्किड यंत्रणा प्रत्येक चाक घसरणार नाही अशा बेताने दाब स्वतः कमी-जास्त करत असते, आणि आपण पाय उचलला की तिचे गणित पहिल्यापासून सुरू होते. ऑटोब्रेक लावलेला असेल तर तो ठरावीक दराने वेग उतरवण्याचा प्रयत्न करतो. हिमावर तो दर गाठलाच जात नाही, त्यामुळे दर गाठल्याचे सांगणारा दिवा कधी लागत नाही. दिवा लागला नाही म्हणजे ब्रेक बिघडला असे समजून घाई करणारे नवखे वैमानिक मी पाहिले आहेत.

वेग ७० नॉटच्या खाली आला की खरी निसरड जाणवते. तोवर रिव्हर्स आणि हवेचा विरोध बराच भार उचलत असतात. आता दोन्ही ओसरतात आणि सगळे चाकांवर येते. त्याच वेळी विमान पट्टीच्या शेवटच्या भागात असते, जिथे उलट दिशेने उतरणाऱ्या विमानांच्या टायरचे रबर घासून बसलेले असते आणि त्यावर हिम पडले की तो भाग काचेसारखा होतो. म्हणून लवकर बाहेर पडण्याच्या मोहाने वेगात वळण घ्यायचे नाही. आपले विमान सायकलच्या गतीने चालले ते यासाठी. वळणावर १० नॉटसुद्धा हिमात जास्त होऊ शकतात, आणि टॅक्सीवे धावपट्टीइतके साफ केलेले नसतात. पट्टीवरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकत नाहीत, कारण ते धातू खाते. त्याऐवजी पोटॅशियम अॅसिटेट किंवा फॉर्मेटसारखी द्रावणे वापरतात, आणि तीही आधी मुख्य पट्टीवर पडतात.

राहिले ते खाली लोंबणारे फ्लॅप. धावपट्टीवरून धावताना पुढची चाके हिम आणि स्लश मागे उडवतात, आणि तो राडा फ्लॅपच्या खालच्या बाजूला, रुळांच्या आणि सांध्यांच्या फटींत जाऊन बसतो व तिथेच गोठतो. अशा अवस्थेत फ्लॅप आत ओढले तर अडकलेल्या बर्फाच्या ढेकळाने पातळ पत्रे चेपतात किंवा यंत्रणा वाकते, आणि ते नुकसान पुढच्या उड्डाणापर्यंत कोणाला दिसत नाही. म्हणून स्लशमध्ये उतरल्यावर फ्लॅप तसेच ठेवून जागेवर यायचे, अभियंत्याने खालून पाहायचे, बर्फ असेल तर काढायचे, आणि त्याने इशारा दिल्यावरच ते आत घ्यायचे. आपण बाहेर पडताना खाली कोणी अंगभर रेनकोट घालून, टॉर्च घेऊन पंखाखाली वाकलेले दिसले असेल, तर तो हेच पाहत होता.